कातळावरच्या दोन ओळी

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

आज सकाळी उठल्याबरोबर पहिली गोष्ट केली ती म्हणजे देवाच्या विहिरीचं पाणी चाखून पाहिलं. काल एस्टीतून उतरून पाखाडीच्या पायऱ्या चढून येईपर्यंत अंधार पडला होता, त्यामुळे कुठं आलो आहोत हे नीट कळलंच नव्हतं. पाणी गोड निघालं. गंगाला हाक मारली आणि ओंजळभर तिच्या हातावर घातलं. तिनं पिऊन मान हलवली. म्हणाली, आता बाकीचं कसंही असलं तरी मी भांडणार नाही. एकवीस वर्षांच्या संसारात असं लेखी घेण्याजोगं ती प्रथमच बोलली, म्हणून लगेच लिहून ठेवतो.

आम्ही गुरव. मंडणगडाकडच्या आमच्या गावी देवळाची पाळी चार पुतण्यांत वाटली गेली आणि माझ्या वाट्याला वर्षातले थोडेच दिवस उरले. कातळवाडीच्या केदारलिंगाला गुरव हवा, असं कळलं तेव्हा पन्नाशीला टेकलेल्या माणसाला कोण घेतो, असंच वाटलं होतं. पण गावकर भागोजी स्वतः एस्टीपाशी न्यायला आले, आणि आमची ट्रंक त्यांनी डोक्यावर घेतली.

देऊळ गावाच्या वर, सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर आहे. त्याला लागून आमचं दोन खोल्यांचं घर आणि पडवी. पुढे सगळा उघडा कातळ, पिवळ्या गवताचा, थेट कड्यापर्यंत. कड्याखाली समुद्र. हवा स्वच्छ असली तर गणपतीपुळ्याकडचा किनारा दिसतो. गाव खाली माडा-आंब्यांत लपलेलं, वरून नुसता धूर दिसतो.

दुपारी देवळाचा माळा झाडला. गोणपाटात गुंडाळलेल्या गॅसबत्त्यांचा ढीग सापडला. काचा काळ्या पडलेल्या, पण बत्त्या चांगल्या. एवढ्याशा गावाला इतक्या कशाला लागल्या असतील? पुसून परत ठेवल्या.

शाळेत आमचे गुरुजी म्हणायचे, दिवसाला चार ओळी लिहाव्यात, दुसरं कुणी नाही तरी देव वाचतो. आज चारापेक्षा जास्त झाल्या. मन प्रसन्न आहे.

१७ ऑक्टोबर, कोजागिरी

आमच्या घरी कोजागिरीपासून त्रिपुरी पुनवेपर्यंत आईवडिलांच्या नावानं आकाशदिवा चढवतात. गेलेल्यांना वरच्या वाटेवर उजेड मिळावा म्हणून. इथं दीपमाळेशेजारी दगडात खोबण कोरलेली आहे, म्हणजे पूर्वी इथंही चढवत असणार. मी उंच बांबू आणला, गंगानं कागदाला तेल लावून कंदील केला. तिन्हीसांजेला दोरीनं वर ओढला. समुद्रावरूनसुद्धा दिसत असेल.

एकदा चढवलेला दिवा त्रिपुरीआधी उतरवायचा नाही, हा आमचा नेम. वडील सांगत, जो वाटेत आहे त्याच्या तोंडावर दिवा मालवणं याच्याएवढं पाप नाही.

गावातली माणसं दूध प्यायला वर येतील म्हणून गंगानं मोठं पातेलं ठेवलं होतं. एकही आलं नाही. आम्ही दोघं किती पिणार? उरलेल्याचं सकाळी विरजण लावू.

२० ऑक्टोबर

भागोजी गावकर आले होते. ओटीवर बसले, तंबाखू मळली, पण तोंडात टाकायची विसरले. म्हणाले, “गुरवानू, देवळातला दिवा लावा, तुळशीचा लावा, हवी तर चुलीत दोन लाकडं जास्त घाला. पण ह्यो वरचा उतरवा.” कारण विचारलं तर वारा म्हणाले. वारा तर पडलेला होता. मी नेमाचं सांगितलं. तेलही माझंच आहे, म्हटलं. जाताना मात्र बांबूकडे न बघता, डोळ्यांवर हात धरून गेले, जसं कुणी उन्हात जातं. तेव्हा सूर्य बुडाला होता.

दिवा लावल्यावर विमानाचा आवाज येतो. रोज येतो, गोव्याकडे जाणारं असेल. गंगाला मोठी गंमत. ती म्हणते, आत लोक गरम गरम जेवत असतील आणि आपण खाली पेज. आज तिनं पडवीतून हातही हलवला.

दिसत मात्र नाही. आकाश निरभ्र असूनही.

२५ ऑक्टोबर

खालच्या वाडीतली गोदूबाई देवाला फुलं घेऊन येते. एकटी, विधवा, जिभेची तिखट. गंगाला म्हणते, “बाय गो, तुझा घोव लय देवभोळा. देवाला बी झोपू देत नाय.” दोघी हसत होत्या. बोलता बोलता गंगानं विमानाचं काढलं. गोदूबाई म्हणाली, “विमान? आमच्याकडं मुंबैची मानसं एस्टीनं येतात, आनि ती बी ओकत.” पुन्हा हसणं. मग तिनं विचारलं, आवाज कधी येतो. गंगा म्हणाली, दिवा चढवला की. गोदूबाईनं फुलांची परडी तशीच ठेवली आणि गेली. दूर्वा काढून द्यायच्या होत्या, त्याही राहिल्या.

आवाज कालपेक्षा खाली आला आहे. फेऱ्या घातल्यासारखा येतो. कड्याकडून देवळाकडे, मग पुन्हा समुद्रावर.

२८ ऑक्टोबर

सकाळी फुलांसाठी कातळावर गेलो. गवत दवानं ओलं होतं. पण देवळासमोर मधेच जागा जागा कोरड्या, आणि तिथलं गवत दबलेलं. आधी वाटलं गुरं बसली असतील. नीट पाहिलं. दोन जागा शेजारी शेजारी, मग माणूस जाईल एवढी वाट, पलीकडे पुन्हा दोन. त्यांच्यामागे तशाच. त्यांच्यामागे तशाच. एस्टीत बसतात तशी. सगळ्यांची तोंडं देवळाकडे.

रात्रभर कुणी बसून राहिल्याशिवाय दव पडलेल्या कातळावर कोरडी जागा उरत नाही.

पहिल्या ओळीत, वाटेच्या डाव्या बाजूला, एक जागा मात्र ओली होती. तिच्या शेजारची कोरडी, आणि लहान.

गंगाला सांगितलं नाही.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पूजा झाल्यावर गंगा कळशी घेऊन कातळावर गेली. मी आरतीत होतो. परतली तेव्हा कळशी रिकामी. विचारलं, तर म्हणाली, कुणी पाणी मागत होतं. कोण, म्हटलं. म्हणाली, पाणी देण्याआधी नाव विचारायचं असतं का?

तिच्या बोलण्याचा मला अभिमानच वाटला. मग ती जवळून गेली आणि तिच्या अंगाला रॉकेलचा वास आला. आमच्या घरात आज सगळे दिवे तेलाचे होते.

४ नोव्हेंबर

रोज जाते. अडवलं तर अडत नाही. मी मागोमाग गेलो, पण मला नुसतं गवत दिसतं. गंगा एकेका जागेपाशी वाकते, ओतते, पुढे सरकते. पाणी गवतावर पडल्याचा आवाज येत नाही.

आम्हाला मूलबाळ नाही. हे इथं लिहितो, कारण आज ती जे बोलली ते त्यावाचून कळायचं नाही. म्हणाली, पुढच्या ओळीत एक मुलगी आहे. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. सगळे पाणी पितात, ती पीत नाही. म्हणते, आई आणायला गेली आहे. तिच्या शेजारची जागा मोकळी आहे. “ती मला बस म्हणते,” गंगा म्हणाली. “मी म्हटलं, पुनव होऊ दे.”

लुगड्याचा काठ एका बाजूनं जळला आहे. तिला ठाऊकही नाही.

५ नोव्हेंबर

गोदूबाईच्या घरी गेलो आणि तिच्या अंगणात बसून राहिलो. सांगितल्याशिवाय उठत नाही, म्हटलं. माझी बायको जाते आहे हातची. तेव्हा ती बोलली. जसं बोलली तसं लिहितो.

तीन वर्षांपूर्वीची त्रिपुरी पुनव. त्या दिवशी देवळापासून कड्यापर्यंत पालखी जाते आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना करवंटीतल्या पणत्या लावतात. पण अवेळी वादळ आलं, पाऊस, वारा. पणत्या टिकेनात. पालखी मोडायची नाही म्हणून गावानं बागायतदारांच्या, होडीवाल्यांच्या, लग्नाकार्याच्या जेवढ्या मिळतील तेवढ्या गॅसबत्त्या आणल्या आणि खांबांना टांगल्या. कातळावर सरळ दोन ओळी. असा लखलखाट सड्यानं कधी पाहिला नव्हता. लहानथोर सगळे खूश.

गोव्याकडे चाललेलं विमान. तिथं उतरता येईना म्हणून मागे फिरलेलं, जवळच्या शहराच्या धावपट्टीवर उतरू बघणारं. ढगांतून खाली आलं तेव्हा त्याला दोन ओळी दिसल्या. धावपट्टी समजून ते कातळावर उतरलं आणि फुटलं.

पालखी तोवर देवळात परतली होती, म्हणून गावातलं कुणी दगावलं नाही.

मग गावानं काय केलं, तर आधी बत्त्या मालवल्या. पोलीस येतील, गावावर ठपका येईल, सगळ्यांना धरून नेतील. कुणी म्हटलं कोण जाणे, पण सगळ्यांनी ऐकलं. बत्त्या गोणपाटात, गोणपाट माळ्यावर. मग घरोघर दारं लावून बसले. वर कातळावर अंधार, पाऊस, आणि माणसं पाणी मागत होती. सगळी एकदम मेली नव्हती. सकाळ होईपर्यंत मात्र कुणी उरलं नाही. चौकशीत हवेचं कारण लिहिलं गेलं. गावाला कुणी विचारलंच नाही.

“येक बाई माझ्या गडग्यापातूर आली हुती,” गोदूबाई म्हणाली. “पोरीला पानी द्या म्हनत हुती. मी आतून कडी लावली.” सकाळी ती बाई गडग्याला, दगडी कुंपणाला, टेकून बसलेली सापडली.

मी विचारलं, मुलीच्या वेण्या होत्या का. तिनं उठून आतून कडी लावली.

आता ओली जागा कुणाची ते कळलं.

८ नोव्हेंबर

भागोजी पुन्हा आले. या वेळी हात जोडून. माझ्याहून वडील माणूस, रडत होता. म्हणाला, दिवा उतरवा, तुमच्या दिव्यानंच ती जागी झाली, वाट दिसली म्हणून आली, दिसली नाही तर जातील.

गंगाकडे पाहिलं. पडवीच्या खांबाला टेकून ती ओठ चाटत बसली होती. सकाळपासून कितीतरी तांबे प्याली, तहान भागत नाही.

नेम मोडला. आईवडिलांची क्षमा मागितली आणि दिवा उतरवला.

९ नोव्हेंबर

चुकलं.

दिवा उतरवल्यावर आवाज गेला नाही. डोक्यावर येऊन थांबला. तसाच. आणि खालून, अंधारातून, पाणी पाणी. आता मलाही ऐकू येतं. पुरुष, बायका, आणि एक आवाज जो काहीच मागत नाही, नुसता आई म्हणतो.

गंगा अंधारात बाहेर पडली. कंदील घेऊन शोधत गेलो. कड्याच्या टोकाशी सापडली, पायाची बोटं कड्याबाहेर. म्हणाली, उजेड नाही, कोण कुठं बसलंय ते कळत नाही, शोधत आले.

दिवा पुन्हा चढवला.

११ नोव्हेंबर

तिला घेऊन गावी जायला निघालो होतो. अर्धी पाखाडी उतरलो आणि ती पायरीवरच बसली. ओठ फुटून रक्त आलं. ग्लानीत बडबडत होती, पट्टा सुटत नाही, पट्टा सुटत नाही. उचलून परत वर आणली. सड्यावर पाय टेकताच उठून बसली आणि भात लावू का म्हणाली.

तिच्या कमरेवर आडवा वळ आहे. रुंद, निळा. लुगड्याच्या गाठीचा नव्हे.

१४ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लावलं. अक्षता टाकताना गंगा हळूच विचारते, मुलीच्या लग्नाला किती वर्षं असतील अजून. कोणत्या मुलीच्या, असं मी विचारलं नाही.

बंदरात वादळाचा बावटा लागला आहे. अवेळी. गावातले म्हणतात, अगदी त्या वर्षासारखी हवा.

देवापुढे बसलो. हट्टानं विचारलं, काय करू? देव कधी बोलत नाही, पण बसल्यानं डोकं शांत होतं. एवढं कळलं की ही माणसं वाईट नाहीत. त्यांना उतरायचं होतं. खाली दिवे होते आणि दिवेवाल्यांनी दिवे मालवले. पाणीही दिलं नाही. अजून ती तिथंच बसली आहेत, कुणी येईल म्हणून. आणि ती मुलगी उठत नाही म्हणून पुढची ओळ उठत नाही, पुढची उठत नाही म्हणून मागची.

ती एकटी जायची नाही. शेजारी कुणीतरी हवं.

गंगा ते कधीच समजली आहे.

१५ नोव्हेंबर

एस्टी बंद. पाऊस.

बत्त्या खाली काढल्या. काचा पुन्हा पुसल्या. गंगा विचारत नाही, कशाला. नवं लुगडं काढून ठेवलंय तिनं. केसांना तेल. एक लाल रिबीन कुठून आणली —

मी तिला सांगितलं, तू जायचं नाहीस. ती हसली. म्हणाली, तुम्हाला काय कळतंय त्यातलं.

भागोजींकडे गेलो. रॉकेल मागितलं. कशाला ते सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. मग पुन्हा उघडलं. डबा बाहेर ठेवला. पुन्हा लावलं.

१६ नोव्हेंबर, त्रिपुरी पुनव

वारा. अंधार लवकर पडला. वही धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणली आहे, छत्रीखाली, बत्तीच्या उजेडात लिहितो.

दोन ओळी लावल्या. देवळापासून कड्यापर्यंत. सगळ्या पेटल्या. पणत्या नव्हेत, बत्त्याच, तेव्हासारख्या. आकाशदिवाही वर आहे.

आवाज आला.

आता मला दिसतात. घाबरलो. पण लिहितो. बसलेली आहेत. दोघं दोघं. ओली. माना पुढे. कुणाला चेहरा आहे, कुणाला —

नको.

गोदूबाई आली. वर पाखाडीनं, एवढ्या पावसात, डोक्यावर कळशी. कुणी बोलावलं नव्हतं तिला. मुलीपुढे गुडघे टेकून बसली. म्हणाली, बाय, तुझ्या आयशीनं धाडलंय पानी. घे. उशीर झाला माझ्याकडनं.

मुलगी प्याली. सगळी कळशी.

मागच्या ओळी हलू लागल्या. उठत नाहीत. वाट बघतात. मुलीनं शेजारच्या जागेवर हात ठेवला आहे आणि ती गंगाकडे बघते आहे. गंगा निघाली —

गोदूबाईला ओरडलो, धर तिला. धरलंय. दोन्ही हातांनी, मिठी घालून. गंगा मारते आहे तिला, ओरबाडते. सोडत नाही. आज कडी आतून लावायची ती अशी.

दिवा मी चढवला. मी बोलावलं. घरचा पाहुणा निघाला की वेशीपर्यंत आपण त्याच्याबरोबर चालतो, वाटेला लावतो, ही आपली रीत. ती पाळायची, एवढंच.

त्या जागेवर मी बसलो.

गार आहे. ओली. मुलगी माझ्याकडे बघते. मी तिला म्हटलं, आई पुढे गेली आहे, आपण जाऊ. तिचा हात माझ्या हातात. लहान आहे. रिबीन बांधून दिली, मला नीट जमत नाही, एका हातानं —

गंगा हाक मारते आहे. माझं नाव घेऊन. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं माझं नाव —

मागं बघत नाही. देवा, तिची तहान भागव.

आवाज आता वर नाही. खालून येतो. कातळ थरथरतोय. दोन्ही बाजूंच्या बत्त्या मागे पळायला लागल्या, एक, एक, भराभर —

कड्याच्या पुढे उजेड आहे. तिथं तर मी बत्ती लावली नव्ह—

कुणीतरी वाकून माझ्या कमरेवरून पट्टा